जुनं टायगर मॉथ लोकांना दाखवायचंय? मुंबईच्या हवेत अशी तयारी करा

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, ते पस मॉथ विमानातून. त्याच घराण्यातलं टायगर मॉथ, म्हणजे लाकूड-कापडाच्या दुहेरी पंखांचं जुनं शिकाऊ विमान, तुमच्या संग्रहात असेल तर दोरीपलीकडे उभं करून ठेवू नका. पोरांना आत बसू द्या, विमान वळवायचा दांडा हातात धरू द्या. त्याशिवाय विमान कळत नाही.

दिवस डिसेंबर ते फेब्रुवारीतला धरा. पावसाळ्यात पंखांचं कापड सैल पडतं आणि आतलं लाकूड ओल धरतं. त्या काळच्या लाकडी जोडांत बऱ्याचदा केसीन, म्हणजे दुधापासून केलेला सरस असे. ओलीने त्याला बुरशी लागते, जोड सुटतात, आणि वरचा रंग मात्र झक्क दिसत राहतो. म्हणून पंखाची तपासणीची झाकणं उघडून वास घ्या. कुबट आला तर आधी कारागीर, मग पाहुणे. हँगरमधली, म्हणजे विमानाच्या शेडमधली आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा. फार कोरडी केलीत तर लाकूड तडकतं. खाऱ्या हवेने पंखांमधल्या पोलादी तारा गंजतात, त्या दर आठवड्याला तेलाच्या फडक्याने पुसा.

सगळ्यात मोठा धोका नाकावरच्या पंख्याचा, म्हणजे प्रॉपेलरचा. इंजिनाला ठिणगी मॅग्नेटो (इंजिन फिरलं की स्वतःच वीज तयार करणारा भाग) देतो, बॅटरी नाही. मॅग्नेटोला बंद ठेवणारी स्विचची अर्थिंगची वायर तुटली असेल, तर स्विच बंद असूनही हाताने पंखा फिरवताच इंजिन धडकू शकतं. म्हणून जिप्सी मेजरचे, म्हणजे या विमानाच्या इंजिनाचे, ठिणगीचे आठही प्लग काढा आणि त्या जागी सिलिका जेलचे (ओल शोषणाऱ्या मण्यांचे) डमी प्लग बसवा. मणी निळ्याचे गुलाबी झाले की बदला. सिलिंडरही कोरडे राहतात. चाकांना दोन्ही बाजूंनी अडण्या लावा. पेट्रोल उपसलं तरी टाकीत वाफ उरते, हे विसरू नका.

चढताना पाय फक्त पंखाच्या मुळाशी असलेल्या मजबूत पट्टीवर, तोही बूट काढून. पाठीवरच्या पिशव्या आणि छत्र्या आधीच काढून घ्या. कापड बहुतेक वेळा त्यांनीच फाटतं. फाटलंच तर सेलोटेप लावू नका, ती निघताना डोपचा, म्हणजे कापड ताणून धरणाऱ्या लेपाचा थर सोबत नेते. भोक काही न चिकटवता झाका आणि पॅच कारागिराकडूनच मारून घ्या. वैमानिकासमोरच्या जुन्या मापक घड्याळांच्या काट्यांवर रेडियमचा किरणोत्सर्गी रंग असू शकतो, त्यांच्या काचा कधीही उघडू नका.

दसऱ्याला पूजा जरूर करा, पण हळद-कुंकू कापडाला न लावता चाकाला लावा. झेंडूचा हार पंख्याच्या बोंडाला चालेल, संध्याकाळी मात्र काढा, ओल्या फुलांचे डाग लाकडात उतरतात. उदबत्ती आणि निरांजन हँगरच्या बाहेरच: जुना नायट्रेट डोप क्षणात पेट घेतो.