आग आधी, दगड शेवटी: घरच्या टेबलावर फिरोज्याचं पेंडंट

माझा पहिला फिरोजा मी जाळला. पेंडंट तयार होतं, दगड कोंदणात बसला होता, आणि मग लक्षात आलं की साखळी ओवायची कडी झाळायची, म्हणजे वितळवलेल्या धातूने जोडायची, राहिलीच. म्हटलं, दोन मिनिटांचं काम आहे, दगडावर ओला कापूस ठेवू आणि उरकून टाकू. झाळ वितळायच्या आत कापूस वाळला, आणि झाळ वितळली तेव्हा आभाळी निळा दगड शिळ्या चहाच्या रंगाचा झाला होता.

फिरोजा म्हणजे तांबं आणि ॲल्युमिनियम यांचं फॉस्फेट. त्याच्या घडणीतच पाणी बांधलेलं असतं. तापवला की ते पाणी उडतं आणि रंगही जातो, मग काही केल्या परत येत नाही. शिवाय दगड सच्छिद्र, म्हणून आम्ल आणि तेल दोन्ही पितो. म्हणून खालची सगळी कृती एका क्रमावर उभी आहे: आगीचं, आम्लाचं आणि घासायचं काम आधी संपवायचं, दगड अगदी शेवटी बसवायचा. आपण करणार आहोत ते एक साधं लंबगोल पेंडंट, मागे चांदीची पाठ आणि कडेने चांदीच्या पट्टीचं बंद कोंदण.

दगड घेताना

बाजारात ‘फिरोजा’ म्हणून जे मिळतं त्यातलं बरंचसं फिरोजा नसतंच. हाऊलाइट नावाचा पांढरा, करड्या रेघांचा दगड निळ्या रंगात बुडवून विकतात. मॅग्नेसाइटचंही तेच. मी सुरुवातीला घेतलेल्या मण्यांच्या माळेतले सगळे मणी एकाच निळ्या रंगाचे होते आणि काळ्या रेघाही सगळ्यांवर सारख्याच. तिथेच शंका यायला हवी होती. नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन कापसावर घेऊन दगडाच्या मागच्या बाजूला घासा. कापूस निळा झाला तर तो रंगवलेला दगड. मणी असतील तर भोकात बघा. आत पांढरं दिसलं तर प्रश्नच मिटला.

खऱ्या फिरोज्यातही दोन प्रकार असतात. एक नैसर्गिक, आणि दुसरा राळ मुरवून पक्का केलेला, ज्याला व्यापारी ‘स्टॅबिलाइज्ड’ म्हणतात. या दुसऱ्याला नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत, पण मी नवशिक्याला तोच घ्यायला सांगते. तो कमी पाणी पितो, कडा सहज तुटत नाहीत आणि खिशालाही परवडतो. फक्त विकणाऱ्याने तसं सांगून विकावा आणि उद्या तुम्ही विकाल तेव्हा तुम्हीही सांगावं.

फिरोज्याचं सगळ्यात जुनं नावाजलेलं गाव म्हणजे इराणातलं निशापूर. अमेरिकेत ॲरिझोनातल्या ‘स्लीपिंग ब्यूटी’ खाणीचा डाग नसलेला निळा दगड फार गाजला. तिथलं फिरोज्याचं काम 2012 मध्ये थांबलं, तेव्हापासून त्या नावाने काहीही खपवलं जातं. आपल्याकडे पैलू पाडलेले आणि घोटलेले दगड घ्यायला जयपूरसारखी जागा नाही. सपाट पाठीचा, वरून घुमटासारखा घोटलेला दगड मागायचा, त्याला ‘कॅबोशॉन’ म्हणतात. पहिल्या कामाला 10 × 14 मिमी मापाचा बरा. याहून लहान असेल तर कोंदण बोटांत धरवत नाही.

एक आगाऊ सल्ला: पहिलं कोंदण अकीकावर (ॲगेटवर) करून बघा. मोह्सच्या मोजपट्टीवर अकीकाची कठीणता 7 च्या आसपास, फिरोज्याची 5 ते 6. हात घसरला तरी अकीकावर ओरखडा उठत नाही.

सामान

चांदी फार लागत नाही, हे ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं. पाठीसाठी 16 × 20 मिमीचा, अर्धा मिमी जाडीचा पत्रा भरतो पावणेदोन ग्रॅमच्या आत. कोंदणाची पट्टी अर्धा ग्रॅम. कडी धरून सगळं तीन ग्रॅमच्या आत बसतं. पाठ 92.5 टक्के चांदीची चालेल, पण कोंदणाची पट्टी चोख चांदीचीच घ्या, 0.3 मिमी जाडीची. चोख चांदी मऊ असते, दगडावर लोण्यासारखी वळते. पत्रा, पट्टी आणि झाळ तिन्ही सराफकट्ट्याच्या मागच्या गल्लीत, जिथे कारागिरांचं सामान विकतात तिथे मिळतं. कोल्हापूरकडच्यांना हुपरी जवळ आहे. चांदीकामावरच जगणारं गाव.

झाळ तीन प्रतींची लागते: हार्ड, मीडियम, ईझी. हार्ड सगळ्यात जास्त उष्णतेला वितळते, ईझी सगळ्यात कमी. ‘कॅडमियम नसलेली’ असं विचारून घ्या. कॅडमियमचा धूर फुफ्फुसात गेला की जिवावर बेतू शकतं, आणि आपण काम करतो ते घरातल्या हवेत.

बाकी: टाकणखार म्हणजे बोरॅक्स, स्वयंपाकघरात वापरतात तशी ब्युटेनची छोटी टॉर्च, भट्टीची वीट, करवत, बारीक कानस, चिमटा, 400 ते 1200 नंबरचे पॉलिश पेपर, लिंबूसत म्हणजे सायट्रिक ॲसिड, आणि ज्यात पुन्हा कधी स्वयंपाक करायचा नाही असं एक जुनं काचेचं किंवा चिनी मातीचं भांडं.

खोलीची खिडकी उघडी, पंखा बंद. केस बांधलेले, अंगावर सुती कपडे, ओढणी बाजूला, डोळ्यांवर चष्मा. पाण्याची बादली शेजारी. गॅस सिलिंडर असलेल्या स्वयंपाकघरात हे काम करू नका. आणि भर उन्हात गॅलरीतही नको, त्याचं कारण पुढे येईल.

कोंदणाची पट्टी

दगडाच्या कडेभोवती कागदाची पट्टी गुंडाळून माप घ्या. 10 × 14 मिमीच्या लंबगोलाचा घेर साधारण 38 मिमी भरतो. पण चांदीची पट्टी 38 मिमी कापली तर ती आखूड पडते, कारण पट्टीला स्वतःची जाडी आहे. जाडीच्या साधारण सव्वातीन पट जास्त धरायचं: 0.3 मिमीच्या पट्टीला जवळजवळ एक मिमी. म्हणजे 39. हा एक मिमी विसरल्याने माझी किती पट्टी वाया गेली ते सांगत नाही.

उंची दगडाच्या घुमटावर ठरते. पट्टी दगडाच्या सरळ कडेला झाकून, जिथून घुमट आत वळायला लागतो तिथून थोडी वर यायला हवी. कमी पडली तर दगड निसटतो, जास्त झाली तर वळवताना चुण्या पडतात आणि निम्मा दगड झाकला जातो.

आता पट्टीची दोन टोकं कानशीने अगदी सरळ करा, गोल वळवा आणि टोकाला टोक भिडवा. आकार लंबगोल आत्ताच आणायची गरज नाही. जोड उजेडासमोर धरा. फटीतून प्रकाश दिसला तर परत कानस. झाळ फट भरत नाही, ती फक्त चिकटलेल्या दोन कडांमध्ये शिरते.

झाळणं

टाकणखार पाण्यात घोटून दाटसर लेप करा आणि जोडाला लावा. त्यावर हार्ड झाळीचा मोहरीपेक्षाही लहान तुकडा ठेवा. टॉर्चची ज्योत आधी लांबून, गोल फिरवत. टाकणखार फुगायला लागेल. तोंड आल्यावर आजी टाकणखाराची लाही करून लावायची, ती ज्यांनी तव्यावर होताना पाहिली आहे त्यांना हे फुगणं ओळखीचं वाटेल. या फुगण्यात झाळीचा तुकडा उडून पडतो. घाबरू नका, चिमट्याने परत जागेवर ठेवा. मग लाही बसते आणि वितळलेल्या काचेसारखी चकचकीत होते. आता ज्योत जवळ आणा. चांदीवर मंद लाली चढेल आणि एका क्षणी झाळ पाऱ्यासारखी चमकून जोडात धावेल. तिथेच ज्योत बाजूला.

ही लाली भर उजेडात दिसत नाही. म्हणून गॅलरी नको म्हटलं, आणि म्हणूनच सोनाराच्या दुकानात भट्टीची बाजू अंधारी असते. चोख चांदी 961 अंश सेल्सिअसला वितळते, 92.5 टक्केवाली त्याच्या बऱ्याच आधी खचायला लागते. लाली न दिसता तापवत राहिलात तर कोंदणाचा एक गोळा होऊन बसेल.

थंड झाल्यावर पट्टी दगडाभोवती दाबून लंबगोल करा. दगड अलगद बसला पाहिजे, ढकलावा लागता कामा नये. मग पॉलिश पेपर काचेच्या तुकड्यावर ठेवून कोंदणाची खालची कड त्यावर गोल गोल घासा. पाठीवर ठेवल्यावर कुठेही डुगडुगता कामा नये.

आता पाठीला कोंदण झाळायचं, मीडियम झाळीने. इथेच बहुतेकांचं काम बिघडतं. पट्टी पातळ, पाठ जाड. ज्योत थेट कोंदणावर धरली तर पाठ तापायच्या आत कोंदण वितळतं. झाळीचे तुकडे कोंदणाच्या आतल्या बाजूला, पट्टीला चिकटून ठेवा आणि ज्योत बाहेरून पाठीच्या कडेकडेने फिरवा. मी ज्यांच्याकडे शिकले ते सोनारकाका एकच वाक्य सतत म्हणायचे, ‘झाळ उष्णतेकडे धावते, तू तिला बोलव.’ आतली झाळ बाहेरच्या उष्णतेकडे ओढली गेली की कोंदणाच्या बुडाशी सगळीकडून एक चमकती रेघ दिसते. रेघ पूर्ण फिरली की थांबा.

आम्ल, कडी आणि घासकाम

एक कप गरम पाण्यात दोन चमचे लिंबूसत. त्यात काळवंडलेला तुकडा पंधरा-वीस मिनिटं ठेवला की पांढराफट्ट निघतो. त्यात लोखंडी किंवा स्टीलचा चिमटा बुडवायचा नाही. वापरून वापरून त्या पाण्यात तांबं उतरलेलं असतं, लोखंड लागलं की ते चांदीवर चढतं आणि दागिना गुलाबी होतो. लाकडी चमचा वापरा. मग खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून स्वच्छ धुवा.

कोंदणाबाहेरची पाठ करवतीने कापा, कडा कानशीने गोल करा. एक मिमी पाठ कडेने ठेवली तर बरी दिसते. पाठीच्या मध्यभागी मी 2 मिमीचं भोक पाडते. अडकलेला दगड मागून ढकलायला उपयोगी. मग कडी, ईझी झाळीने. तीन प्रती घेतल्या त्या याचसाठी: कडी झाळताना आधीचे जोड सुटत नाहीत. तरी ज्योत कोंदणापासून दूरच ठेवा. पुन्हा लिंबूसत, पुन्हा सोडा.

पॉलिश पेपर 400 पासून सुरू करून 1200 पर्यंत चढत जा आणि प्रत्येक नंबरला दिशा बदला, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाहीत ते कळतं. कोंदणाच्या वरच्या कडेवर मात्र जोर नको, ती पातळ झाली तर वळवताना फाटते.

काळपट, ऑक्सिडाइज्ड रूप हवं असेल तर बाजारातल्या रसायनाच्या आधी उकडलेलं अंडं करून बघा. गरम अंडं कुस्करून झाकणाच्या डब्यात घाला, पेंडंट शेजारी ठेवा, अंड्याला लागू देऊ नका. अंड्यातल्या गंधकाने काही तासांत चांदी काळी पडते. उंचवट्यांवरचा काळेपणा पॉलिश पेपरने काढला की खाचांतला तसाच राहतो. दगड अजून डबीतच आहे हे पुन्हा सांगते.

आता दगड

बसवून बघताना दगडाखालून दातांचा फ्लॉस आडवा घाला आणि दोन्ही टोकं बाहेर ठेवा. दगड घट्ट बसला तर टोकं ओढून काढता येतो. दगड खोल जात असेल तर खाली जुन्या प्लास्टिक कार्डाचा तुकडा कापून घाला. अमेरिकेच्या नैऋत्येकडच्या नवाहो या मूळनिवासी जमातीचे कारागीर यासाठी लाकडाचा भुसा वापरत आले आहेत; पण भुसा भिजला की फुगतो, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात मला त्याची खात्री वाटत नाही.

फ्लॉस काढा. दगडाच्या घुमटावर कागदी चिकटपट्टी लावा. पेंडंट लाकडाच्या ठोकळ्यावर घट्ट धरून बोथट टोकाच्या पितळी सळईने कोंदण आत ढकलायचं. घड्याळ समोर आणा: आधी 12 वर, मग 6, मग 3, मग 9, मग मधल्या जागा. एका बाजूने सुरू करून गोल फिरत गेलात तर सगळी जादा चांदी शेवटी एका ठिकाणी जमून चुणी पडते. पहिल्या फेरीत थोडंच, दुसऱ्या फेरीत जास्त. सळई दगडाकडे नाही, कोंदणाकडे रोखलेली. शेवटी गुळगुळीत स्टीलच्या चमच्याच्या पाठीने कड घोटा आणि चिकटपट्टी काढा.

पेंडंट कानाजवळ धरून हलवा. खुळखुळ ऐकू आली तर आणखी एक फेरी.

आगीची भीतीच वाटत असेल तर मण्यांपासून सुरुवात करा. रेशमाच्या दोऱ्यात पोत गाठवतात तशी प्रत्येक दोन मण्यांच्या मध्ये एक गाठ घाला. मणी एकमेकांना घासत नाहीत आणि दोरा तुटला तरी एकच मणी पडतो.

वापरताना हा दागिना सगळ्यात शेवटी घालायचा, अत्तर-क्रीम लावून झाल्यावर, आणि घरी आल्यावर सगळ्यात आधी काढायचा. चिंच, लिंबू, रिठ्याचं पाणी, टूथपेस्ट यांपैकी काहीही नको. मऊ कोरडं फडकं पुरे. चांदी काळवंडू नये म्हणून झिपच्या पिशवीत ठेवा. आईला करून दिलेल्या पेंडंटचा दगड राळ न मुरवलेला होता. ती रोज डोक्याला खोबरेल लावते, मान तेलकट असते. वर्षभरात कडेने हिरवट झाक चढली आहे, आणि ती म्हणते की मुळात असाच होता.