गडावरचा मुक्काम बिघडतो कुठे? रात्रीचे ट्रेक आणि निसर्गशिबिरं: या चुका टाळा

शनिवारी संध्याकाळी हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याशी, पाचनईत, बसमधून मुलं उतरायला लागली की रात्र कशी जाणार याचा अंदाज तिथेच येतो. कुणाकडे अर्ध्या लिटरची एकच बाटली असते, कुणाच्या पायात गुळगुळीत तळाचे पांढरेशुभ्र बूट. आणि आयोजकाच्या हातात छापील वेळापत्रक: सातला चढाई, नऊला आकाशदर्शन, अकराला झोप, पाचला कोकणकड्यावरून सूर्योदय.

कोकणकडा, म्हणजे गडाचा मोठा कडा, पश्चिमेकडे तोंड करून उभा आहे. तिथून सूर्य मावळताना दिसतो. उगवताना बघायचा तर तारामती शिखरावर जावं लागतं, आणि डिसेंबरात तो सातच्या सुमारास येतो, पाचला नव्हे. म्हणजे ज्याने हे वेळापत्रक केलं तो गडावर एकदाही राहिलेला नाही. शिबिरात जे बिघडतं, त्यातल्या बहुतेक गोष्टींचं मूळ मला अशा शहरात बसून आखलेल्या कागदातच सापडलं आहे. म्हणून सुरुवात तिथूनच.

घड्याळाचं गणित

हरिश्चंद्रगड सुमारे १,४२४ मीटर उंच आहे. ठाणे, पुणे आणि अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांच्या सीमा इथे जवळ येतात. गड आहे तो १९८६ साली जाहीर झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात. वर जायच्या वाटा अनेक आहेत: पाचनईची सोपी, खिरेश्वरहून टोलार खिंडीतून येणारी लांबलचक, आणि नळीची वाट, जी नवख्यांच्या शिबिरासाठी विचारातही घेऊ नये.

चढाईच्या वेळेचा एक जुना आडाखा आहे. स्कॉटलंडच्या विल्यम नेस्मिथने तो १८९२ साली मांडला: सपाटीवर तासाला ५ किलोमीटर, आणि दर ३०० मीटर चढाला वरून अर्धा तास. समजा ४ किलोमीटर चाल आहे आणि ६०० मीटर चढ. हिशेब पावणेदोन तासांच्या थोडा पुढे जातो. पण हा आडाखा सरावाच्या, न थांबणाऱ्या माणसाचा. तीस मुलं, अंधार आणि पाठीवर सॅक असेल तर मी सरळ दुप्पट वेळ धरतो. एका कातळटप्प्यावर प्रत्येकाला एकच मिनिट लागलं, तरी तिसाव्याची पाळी येईपर्यंत अर्धा तास गेलेला असतो. वेळापत्रकात हा अर्धा तास कधीच नसतो. मग पुढचे घाई करतात, मागचे धापा टाकत पळतात, आणि पाय मुरगळतो तो नेमका मागच्याचा.

माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. पहिल्यांदाच येणाऱ्यांना रात्री चढवूच नका. उजेडात वर पोहोचा आणि रात्र पठारावर घालवा. अंधारातली चढाई जाहिरातीत छान वाटते. प्रत्यक्षात मुलाला पुढच्याच्या टाचांशिवाय काही दिसत नाही.

याच घाईचा दुसरा प्रकार म्हणजे शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर निघायचं, पहाटे तीनला पायथ्याला उतरायचं आणि तसंच चढायला लागायचं. जागरण झालेल्या माणसाचा तोल आणि निर्णय दोन्ही डळमळतात. ड्रायव्हरचेही. पायथ्याच्या गावात कुणाच्याही ओसरीवर चार तास झोप मिळते, ती घ्या.

मोजणी बरोबर आली आणि तरी एक जण कमी होता

ही चूक माझी स्वतःची. टोलार खिंडीच्या वर अंधारात डोकी मोजली, बत्तीस भरली. बत्तीसच हवी होती. समाधानाने पुढे निघालो. दहा मिनिटांनी लक्षात आलं की आमच्यात गावातला एक मुलगा गप्पा मारत मिसळला होता, आणि आमचा एक पठ्ठ्या मागे बुटाची नाडी बांधत बसला होता. वीस मिनिटांत तो सापडला. मला मात्र ती वीस मिनिटं अजून आठवतात.

तेव्हापासून डोकी मोजत नाही. प्रत्येकाला निघतानाच नंबर देतो आणि तो ज्याचा त्याने ओरडून सांगायचा. दर कातळटप्प्यानंतर, दर फाट्यावर आणि प्रत्येक विश्रांतीच्या शेवटी. सुरुवातीला नव्हे, शेवटी, कारण माणूस हरवतो तो विश्रांतीतच, लघवीला आडोशाला गेलेला असताना. सर्वांत मागे चालणारा लीडर सर्वांत अनुभवी हवा. बहुतेक गटांत उलटं असतं: पुढे तगडा लीडर आणि मागे गेल्या वर्षी आलेला एखादा कॉलेजकुमार.

तरीही कुणी मागे राहिलंच तर? पूर्ण गट जागच्या जागी बसवा. शोधायला दोघेच जातील, आणि शेवटची मोजणी बरोबर आलेल्या ठिकाणापर्यंतच आधी जातील. मुलांना पायथ्यालाच शिकवून ठेवा: वाट चुकली असं वाटलं की बसायचं, चालायचं नाही. गळ्यात शिट्टी. डोंगरातला संकटाचा संकेत म्हणजे मिनिटाला सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांतता, पुन्हा सहा. उत्तर मिनिटाला तीन शिट्ट्यांचं. पायथ्याला मुलांना हा खेळ वाटतो आणि दोन मिनिटांत पाठ होतो.

थंडी चढताना वाजत नाही

डिसेंबरात चढताना घाम येतो. मूल सुती टीशर्ट ओलाचिंब करून पठारावर पोहोचतं, वारा सुरू असतो, आणि अर्ध्या तासात दात वाजायला लागतात. उंचीबरोबर दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश तापमान उतरतं, वर वारा वेगळा. जॅकेट अंगात घालून चढणं ही चूक आहेच. पण कोरडा सदरा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून न आणणं ही त्याहून मोठी. वर पोहोचल्याबरोबर, फोटोंच्याही आधी, कपडे बदला.

आणि केदारेश्वराची गुहा! मधोमध भलंमोठं शिवलिंग, चारांपैकी उरलेला एकच खांब आणि भोवती बर्फासारखं गार पाणी. संध्याकाळी सहाला मुलांना त्यात उतरवणारे मी पाहिले आहेत. प्रदक्षिणेचा उत्साह समजतो, पण रात्री दीड वाजता थरथरणाऱ्या मुलाला मांडीवर घेऊन बसायला तेच आयोजक जागे नसतात. गुहा दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर दाखवा.

झोपताना थंडी वरून कमी आणि जमिनीतून जास्त येते. म्हणून दोन पांघरुणं आणि मॅट नाही, यापेक्षा एक पांघरूण आणि खाली चांगली कॅरीमॅट बरी. कुणी कुडकुडायला लागलं तर ओलं काढा, कोरडं घाला, खाली मॅट द्या, डोकं झाका, गूळ-शेंगदाणे आणि गरम गोड चहा द्या. कुडकुडणं अचानक थांबलं, जीभ अडखळायला लागली, मूल गुंगीत जायला लागलं, तर ‘झोपलं वाटतं’ म्हणून सोडून देऊ नका. ती धोक्याची खूण आहे. तेव्हा तोंडाने काही पाजू नका. त्याला न हलवता ऊब द्या आणि मदत मागवा.

साप आणि आग्या मोहोळ

मुलांना भीती नागाची वाटते. मुक्कामात जास्त काळजी मण्यारीची. ती रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावली तर अनेकदा दुखतही नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, घास गिळताना त्रास होतो, आणि सगळे ‘रात्रीचं जेवण बाधलं’ म्हणतात. तंबूची चेन पूर्ण लावा, बूट आत घ्या, रात्री उठताना आधी टॉर्च. दंश झाल्याचा संशय आला तरी पुरे: आवळून बांधू नका, कापू नका, चोखू नका. अंगठ्या, कडी काढा, हातपाय हलू न देता आडवं उचलून खाली न्या. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांवर एकच प्रतिसर्पविष चालतं, त्यामुळे साप पकडत बसायचं कारण नाही. ११२ किंवा १०८ ला फोन करा. रेंज कुठल्या टेपाडावर मिळते ते पायथ्याला गावकऱ्यांना विचारून ठेवलेलं असू द्या.

आग्या मोहोळ कड्यांच्या पोटात असतं. शेकोटीचा धूर, सेंट, दगड, आरडाओरडा, एवढं त्याला पुरतं. शेकोटी कड्याखाली कधीच नको. तशीही अभयारण्यात ती हवीच कशाला? उठलंच मोहोळ तर हात झटकू नका. तोंड-डोकं कपड्याने झाकून तिथून दूर जा, पण कड्याच्या धारेजवळ असाल तर पळू नका, वाकून सावकाश सरका. काटा नखाने ताबडतोब खरवडून काढा. चेहरा सुजला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर थेट रुग्णालय.

शिबिरात मास्तर फार बोलतो

आता ज्या चुकांनी कुणाला इजा होत नाही, पण शिबिर वाया जातं, त्यांच्याकडे येतो. मला खरं तर याच जास्त खुपतात.

पहिली म्हणजे तारीख. पौर्णिमेला आकाशदर्शन ठेवायचं! चांदण्यात पठारावर फिरायला मजा येते, पण तारे धुऊन जातात. दोन्हींपैकी काय हवं ते ठरवून मग पंचांग उघडा.

दुसरी चूक टॉर्चची. डोळ्यांना अंधाराची पुरती सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलच्या एका पांढऱ्या झोताने ती कमाई क्षणात जाते. बॅटरीवर लाल जिलेटीन कागद रबरबँडने लावला की काम भागतं. तीस मुलांचे तीस टॉर्च चालू असतील तर आकाश विसरा.

तिसरी, भाषण. थकलेल्या मुलांना उताणं झोपवून पाऊण तास प्रकाशवर्षं ऐकवली की निम्मी घोरतात. त्यापेक्षा हात लांब करून मूठ धरायला सांगा. मुठीची रुंदी आकाशात साधारण १० अंश भरते. सप्तर्षी किंवा शर्मिष्ठा या तारकासमूहांवरून ध्रुव शोधा आणि उत्तर क्षितिजापासून तो किती मुठी वर आहे ते मोजू द्या. दोन मुठींना जरासा कमी. मग सांगा की आपण पृथ्वीवर साडेएकोणीस अक्षांशाच्या आसपास उभे आहोत. हाच तारा श्रीनगरहून साडेतीन मुठींवर दिसेल आणि कन्याकुमारीहून मूठभरही नाही. भूगोलाच्या तासाला कंटाळणारी मुलंसुद्धा यावर चिडीचूप होतात, आणि मग स्वतःहून भांडतात की माझी मूठ लहान आहे. (हात पण लहान असतो, त्यामुळे जमतं.)

काजव्यांच्या शिबिरांत तर गर्दीनेच वाट लागली आहे. मेअखेर ते जूनच्या पहिल्या पंधरवड्यात भंडारदरा आणि पुरुषवाडीच्या बाजूला झाडंच्या झाडं लुकलुकतात. तो प्रकाश म्हणजे नर-मादीचं बोलणं आहे. अनेक जातींत मादी खाली गवतात किंवा झुडपांत बसलेली असते. आपण टॉर्च मारत त्याच गवतात शिरतो, म्हणजे संभाषणही तोडतो आणि मादीही तुडवतो. गाडीचे दिवे दूरच बंद करा, पायवाट सोडू नका, बाटलीत काजवे भरणाऱ्या मुलाला (आणि बापाला) थांबवा. अभयारण्यातून किडाही उचलायचा नाही. आणि हे दिवस विजांचे असतात. गडगडाट ऐकू आला की एकट्या झाडाखालून आणि उघड्या सड्यावरून लगेच खाली या, घरात किंवा गाडीत बसा. काजवे उद्याही असतील.

वाटाड्याला हमाल समजणं

सर्वांत महागात पडणारी ही चूक कुणी चूक म्हणून मोजतच नाही. गावातला माणूस ठरवायचा, त्याच्या डोक्यावर पातेली द्यायची आणि शिकवायला शहरातून पाहुणा आणायचा. पाचनई-खिरेश्वरकडचे बहुतेक वाटाडे महादेव कोळी समाजातले. हिरडा कधी झोडायचा, बाळहिरडा कसा वाळवायचा, कारवीची झुडपं फुलली की मधमाश्या कुठे जातात, कुठल्या टाक्याचं पाणी मेपर्यंत पुरतं, हे त्यांना घरच्या कपाटासारखं माहीत असतं. एका शिबिरात आमचे पाहुणे कारवी सात वर्षांनी फुलते असं सांगत होते. मागे पातेली घासणारे मामा हसले आणि म्हणाले, गेल्या फुलोऱ्याच्या साली माझं लग्न झालं. मुलं पाहुण्यांना सोडून मामांभोवती जमली.

त्यांना अर्धा तास बोलायला द्या, त्याचे वेगळे पैसे द्या आणि जेवायला सगळ्यांबरोबर बसवा. ‘वाट बंद आहे’ किंवा ‘आज नको’ असं ते म्हणाले तर वाद घालू नका. आयोजक निवडतानाही हेच विचारा: स्थानिक माणूस कोण, मागे कोण चालणार, किती मुलांमागे एक मोठा, प्रथमोपचार कुणाला येतो, आणि बेत रद्द केला तर पैशांचं काय. राज्याने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं आहे, तेव्हा नोंदणीबद्दल विचारायला संकोच नको. पैशांच्या प्रश्नावर आयोजक चिडला तर तो वादळातही बेत रद्द करणार नाही, असं समजा.

उतरताना

रविवारी सकाळी सगळ्यांना घर दिसायला लागतं. पाणी संपलेलं, झोप झालेली नाही, मुरूम वाळलेला, आणि गुडघे कुरकुरत असतात. घसाऱ्यावर गोटे निसटतात आणि मागच्याच्या पायाखालचा दगड पुढच्याच्या डोक्यावर जातो. म्हणून उतरताना अंतर ठेवा, हात मोकळे ठेवा, मोबाइल सॅकमध्ये. प्रत्येकाकडे निघताना किमान एक लिटर पाणी आहे ना, हे बघूनच पठार सोडा. टाक्याचं असेल तर उकळलेलं किंवा क्लोरिनचे थेंब घातलेलं. पुष्करणीत कुणी ताटं विसळत असेल तर तिथेच थांबवा.

पायथ्याचा नाका गाठला की नंबर पुन्हा एकदा ओरडून. मग पालकांना निरोप. मग पिठलं-भाकरी.