शाळा व्यवस्थापन समितीत आहात? पैसे आणि शिक्षकांबाबत या चुका टाळा

जिल्हा परिषद शाळेच्या समितीत मी पालक सदस्य झाले, तेव्हा पहिल्याच सभेत प्रोसिडिंग, म्हणजे सभेचं इतिवृत्त, न वाचता सही केली. ठरावात रकमेची जागा कोरी होती. ती नंतर भरली गेली. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. ठराव मोठ्याने वाचून घ्या, रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत लिहायला लावा, मगच सही करा. अनुदान नीट वापरलं जातंय का हे पाहणं शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ ने समितीवरच सोपवलंय, आणि समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत तेही त्यासाठीच.

दुसरी चूक मार्चमध्ये होते. ‘समग्र शिक्षा’ या सरकारी योजनेचं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं: ३० पर्यंत पट असेल तर १०,००० रुपये, ३१ ते १०० असेल तर २५,०००. पैसे उशिरा येतात, वर्ष संपत आलेलं असतं, मग दिसेल ते घेतलं जातं. छत गळतंच राहतं आणि भिंतीला नवा रंग लागतो. शाळा विकास आराखड्यातली कामं गरजेच्या क्रमाने डिसेंबरातच लावून ठेवा, दरपत्रकंही मागवून ठेवा. किमान १० टक्के रक्कम स्वच्छतेवर खर्च करायची असते, हे विसरू नका.

शिक्षक कमी पडले की गावातल्या डी.एड. झालेल्या मुलीला याच अनुदानातून मानधन द्यावंसं वाटतं. देऊ नका. हे अनुदान पगारासाठी नाही. ऑडिटला आक्षेप निघतो आणि मुख्याध्यापक अडचणीत येतात. लोकवर्गणीतून द्यायचं असेल तर पावतीपुस्तक आणि हिशेब वेगळा ठेवा. तात्पुरता शिक्षक नेमण्याचा अधिकार आणि त्याचा निधी समितीला मिळायलाच हवा, असं माझं ठाम मत आहे. चिमुकल्यांचं वर्ष ‘पवित्र’ या सरकारी पोर्टलवरच्या शिक्षक भरतीसाठी थांबत नाही.

तोवर शिक्षण हक्क कायद्याचं कलम २६ वापरा. शाळेत मंजूर पदांच्या १० टक्क्यांहून जास्त पदं रिक्त ठेवता येत नाहीत. चार पदांपैकी एक रिकामं असेल तर ते २५ टक्के झालं. नुसतं तोंडी सांगून येणं ही इथली नेहमीची चूक. कलमाचा उल्लेख करून ठराव घ्या, गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या आणि तारखेसह पोच घेऊन फाइलला लावा.