जीआयच्या जुन्या वेस्ट पाईपला पीव्हीसी जोडताना

आमचं घर सांगलीत गावभागात, जुनं बांधकाम. सिंकचं पाणी जीआयच्या, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाच्या, दीड इंची पाईपनं भिंतीतनं मागच्या बोळात जायचं. 2019 ला आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं तेव्हा हा पाईपपण गाळानं गच्च भरलेला, नंतर तार घालून साफ केला पण तेव्हापासनं त्याचं काय खरं नव्हतं. मग भिंतीला ओल आली, मी एमसील लावलं, दोन महिन्यात परत गळती सुरू.

एमसील टिकत नाही याचं कारण साधं आहे, हा पाईप बाहेरनं नाही तर आतनं कुजतो, आणि तेपण तळाला, जिथं साबणाचं खरकटं पाणी थबकून राहतं. वरनं रंग लावलेला असतो म्हणून धडधाकट दिसतो, स्क्रूड्रायव्हर टोचला की सरळ आत. म्हणून आधी छोट्या हातोडीनं टकटक करत पुढं जायचं, खणखणीत आवाज येतो तिथं पाईप चांगला, भद्द आवाज आला की तिथं संपलाय समजा. चांगल्या भागात अजून चार बोटं आत जाऊन एक्सो ब्लेडनं कापा. ग्राइंडर वापरला तरी चालतं पण ठिणग्या उडतात, गॉगल घाला आणि शेजारी थिनर बिनर ठेवू नका.

आता खरी गोम. पीव्हीसीचं सोल्युशन लोखंडाला चिकटतच नाही. ते प्लास्टिक विरघळवून प्लास्टिकला प्लास्टिक एकजीव करतं, लोखंडावर नुसता थर बसतो आणि सुकला की सुटतो. आमच्या ओळखीतल्या एकानं 50 एमएमचं सॉकेट जीआयवर बसवून अख्खा डबा सोल्युशन ओतलं होतं, आठ दिवसात सगळं हातात! मापाचाही घोळ आहेच, दीड इंची जीआय बाहेरनं 48.3 एमएम असतो, म्हणजे 50 च्या सॉकेटमध्ये खुळखुळतो, आणि दोन इंची 60.3 एमएम, तो 63 मध्ये सैल. व्हर्नियर नसेल तर पाईपला दोरा गुंडाळून मोजा, सव्वापंधरा सेंटीमीटरच्या आसपास आला तर दीड इंची, एकोणीस आला तर दोन इंची. दुकानात जाताना कापलेला तुकडाच सोबत न्या, तोंडी माप सांगितलं की हमखास चुकीचं मिळतं.

जोडायचे रस्ते दोन. पाईपच्या टोकाला आटे शिल्लक असतील तर वायर ब्रशनं साफ करून त्यावर जीआयचं सॉकेट चढवा आणि त्या सॉकेटमध्ये पीव्हीसीचा एमटीए (बाहेरनं आटे असलेला जोड) फिरवा, टेफ्लॉन टेप मारून. उलटं करू नका, म्हणजे लोखंडाचे आटे प्लास्टिकच्या एफटीएमध्ये (आतनं आटे असलेल्या जोडात) घालून पान्यानं आवळू नका, प्लास्टिक ताणतं आणि चिरतं, कधी कधी लगेच नाही तर महिन्याभरानं, आणि तोवर तुम्ही भिंत बुजवलेली असते. एमटीएपण हातानं बसेल तेवढा आणि वर अर्धा पाऊण फेरा, बास.

आटे नसतील तर रबरी कपलर आणि स्टीलच्या क्लिपा. गंज घासून पाईप गुळगुळीत करा, कापलेल्या कडेची धार कानशीनं मोडा नाहीतर ती रबर कापते. बिडाच्या पाईपलापण हाच उपाय बरा, त्यातला शिशाचा जॉइंट तापवून काढायच्या भानगडीत पडू नका, धूर विषारी असतो. आणि बिडाचा उभा पाईप मधेच कापायचा असेल तर वरच्या भागाला आधी भक्कम क्लॅम्प मारा, वजन लई असतं, एकट्यानं करायचं कामच नाही ते.

पुढचं प्लास्टिकचं काम सोपं. कोरडंच जोडून बघा, पेननं खूण करा, सोल्युशन दोन्हीकडं पातळ लावा, पाव फेरा देऊन आत ढकला आणि अर्धा मिनिट दाबून धरा. उतार फुटाला पाव इंच ठेवा, दर तीन चार फुटांवर क्लॅम्प, नाहीतर पाईपला पोट सुटतं आणि तिथंच चिकट साचतं. आणि कढत पाणी नको, पीव्हीसी मऊ पडतं. आमच्या आईला भात वेळून पेज सरळ सिंकमध्ये ओतायची सवय, आता बादलीत थोडं गार पाणी मिसळून ओतते, रोज एकदा कुरकुरते पण ओतते.

दुसऱ्या दिवशी सिंकला बूच लावून तुडुंब भरा आणि एकदम सोडा, जॉइंटखाली वर्तमानपत्र ठेवा, थेंबभर जरी पडला तरी कागदावर डाग दिसतो. भिंत लगेच बुजवू नका, निदान आठ दिवस उघडी ठेवा. आमची तर अजून उघडीच आहे, गवंडी दोनदा येतो म्हणून आला नाही.