उसाच्या हंगामात रात्री गाडी चालवताय? या चुका टाळा

हंगाम सुरू झाला की सांगली-कोल्हापूरकडच्या रस्त्यांवर रात्री मला ट्रकची भीती वाटत नाही, उभ्या ट्रॉलीची वाटते. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असलाच तर चिखलानं माखलेला. आणि नवशिके म्हणतात, "रस्ता मोकळाच तर आहे!"

मोकळा नसतो, दिसत नसतो. लो बीममध्ये नीट दिसतं ते साधारण 40-50 मीटर. ताशी 80 म्हणजे सेकंदाला 22 मीटर. ब्रेकवर पाय जाईपर्यंतच अर्धा उजेड संपला.

हे गणित मला आष्ट्याच्या अलीकडे समजलं. समोरच्यानं हाय बीम मारला, मीही इरेला पेटून मारला. दोघंही आंधळे. तो गेला आणि समोर उसाची टोकंच टोकं! पंक्चर ट्रॉली, टायरखाली दगड लावून सोडलेली. ट्रॅक्टर दुसरी घेऊन कारखान्यावर गेलेला. कचकन ब्रेक दाबला. थांबलो तेव्हा ऊस बॉनेटपासून हातभर. शेजारी बसलेला मेव्हणा सांगली येईपर्यंत एक शब्द बोलला नाही.

तेव्हापासून भांडण बंद. एकदा डिपर देतो. नाही ऐकलं तर ॲक्सिलरेटरवरून पाय काढतो आणि नजर रस्त्याच्या डाव्या पांढऱ्या पट्टीवर ठेवतो. पट्टी नसेल तर सरळ 40 वर येतो. मागचा हॉर्न वाजवतो, वाजवू दे बापडा.

दुसरी चूक काचेची. बाहेरून चकाचक, आतून मात्र धुरकट थर. समोरचा दिवा त्यावर पसरतो आणि सगळं पांढरं होतं. निघण्यापूर्वी मी पेपरचा ओला बोळा आतून फिरवतो, मग कोरडा. दोन मिनिटं लागतात. एवढी सवड नसलेले लोक पिवळे चष्मे विकत घेतात. ते रात्री उजेड आणखी कमी करतात, एवढंच.

साध्या हेडलाइटमध्ये स्वस्तातला एलईडी कोंबू नका. धुक्यात हाय बीम नको, उजेड उलटा डोळ्यांत येतो. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नका, वळताना कुणाला काय कळणार? झोप आली तर झोपा. चहा हा उपाय नाही, मीही पिऊन पाहिलाय.

आणि गाडी बंद पडली की मागे रस्त्यावर ठेवायचा तो लाल त्रिकोण डिकीत बॅगांखाली गाडू नका. माझा ड्रायव्हरच्या सीटमागच्या खिशात असतो, अंधारात चाचपडून सापडेल असा.