घरातील छुपी पाणीगळती कशी शोधावी

इंदूरला नर्मदेचे पाणी सुमारे 70 किलोमीटरवरच्या जलूद येथून पंपांनी घाट चढवून आणले जाते आणि बहुतेक वस्त्यांत ते एक दिवसाआड येते. म्हणून घरातल्या घरात मुरणारे पाणी मला फार सलते.

तपासणी गच्चीवरील टाकीपासून सुरू करावी. रात्री सगळे नळ बंद करून आणि मोटार चालू होणार नाही याची खात्री करून टाकीतील पातळीवर खडूने खूण करावी, व सकाळी कोणी पाणी वापरण्याआधी ती पाहावी. पातळी उतरली असेल, तर दुसऱ्या रात्री टाकीखालचा व्हॉल्व्ह बंद करून हाच प्रयोग करावा. पातळी तरीही उतरली तर दोष टाकीत किंवा त्या व्हॉल्व्हमध्ये आहे, न उतरल्यास पुढच्या नळजोडणीत. जमिनीखालच्या हौदालाही हीच रीत लागू पडते.

सर्वांत फसवी गळती फ्लशच्या टाकीची, कारण तिचा आवाजही होत नाही. टाकीत चमचाभर खाण्याचा रंग घालावा आणि अर्धा तास फ्लश ओढू नये. भांड्यात रंगाची बारीक रेघ उतरलेली दिसली, की तळाचे रबर बदलावे. ते काम स्वस्तातले आहे.

ठिबकणाऱ्या नळाखाली पेला ठेवावा: 200 मिलिलिटरचा पेला दहा मिनिटांत भरत असेल, तर दिवसाला जवळपास 29 लिटर, म्हणजे दोन बादल्या पाणी जाते. भिंतीला ओल, पोपडे दिसल्यास मात्र रंग देण्याआधी प्लंबरला बोलवावे.