प्रतिस्पर्ध्याविषयी स्वतःच्या नावाने लिहिताना

जाहिरात संस्थेच्या प्रमुखाने प्रतिस्पर्ध्याविषयी जाहीरपणे लिहायचे ठरवल्यास पहिला मसुदा रागाच्या भरात खुशाल लिहावा. मात्र तो रात्रभर तसाच ठेवून सकाळी त्यातील प्रत्येक विशेषण खोडावे आणि मागे तपासता येईल अशी वस्तुस्थिती उरते का, ते पाहावे. ‘त्यांचे काम उथळ आहे’ हे वाक्य गळून पडते. ‘त्यांचे विलीनीकरण फिसकटले’ हे टिकते. पब्लिसिस आणि ऑम्निकॉम या बड्या जाहिरात समूहांनी २०१३ मध्ये जाहीर केलेले विलीनीकरण मे २०१४ मध्ये बारगळले, तेव्हा डब्ल्यूपीपी या प्रतिस्पर्धी समूहाचे तत्कालीन प्रमुख मार्टिन सोरेल यांनी त्यावर आधी केलेल्या टीकेला आयताच आधार मिळाला.

व्यक्तीवर मात्र घसरू नये. १९८९ मध्ये सोरेल यांनी ओगिल्व्ही समूह ताब्यात घेतला, तेव्हा त्या समूहाचे संस्थापक डेव्हिड ओगिल्व्ही यांनी सोरेल यांच्याविषयी जहरी शब्द वापरले होते, आणि पुढे त्याच डब्ल्यूपीपीचे अध्यक्षपद स्वीकारले. या धंद्यात कालचा वैरी उद्या मालक होऊ शकतो.

ग्राहकाचे नाव त्याच्या संमतीशिवाय घेऊ नये. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असल्यास मजकूर कायदा विभागाला दाखवावा. जनसंपर्क विभागाला दाखवल्यास तो गुळगुळीत होऊन परत येतो, असा माझा अनुभव आहे.